पावाच्या पिशवीतला साचा

अहो,

कचऱ्याचा डबा आता तिसऱ्यांदा उपसू नका. दात सरळ करायचा माझा पारदर्शक साचा सापडला! जेवताना काढून मीच तो कागदी रुमालात गुंडाळला आणि उरलेल्या पावाबरोबर खिडकीला टांगलेल्या पिशवीत टाकला. पाव कचऱ्यात टाकायचा नाही, ही आईची शिकवण कामी आली. शेजारच्या खदिजाबाईंनी शेळ्यांसाठी पिशवी नेली, आणि अंगणातूनच ओरडल्या, "अगं जलीला, शेळीला कवळी कशाला?"

तुम्हीच तो फेकलात असं समजून तुम्हाला उगाच वाट्टेल ते बोलले. माफ करा.

स्फाक्स शहराच्या बसने डॉक्टरीणबाईंना साचा दाखवायला चाललेय. परवाच त्या म्हणाल्या, कॅपवाला दातही कॅपसकट सरकलाय. कॅपवर साचा धरून ठेवणारे ठिपके नीट चिकटत नाहीत, म्हणून जरा वेळ लागतोय, एवढंच. आणि तुम्ही म्हणत होतात, "या वयात हे काय खूळ! कॅपचे दात कुठले सरकतायत!"

कुसकुस झाकून ठेवलाय. हरिसाची चटणी बेतानं घ्या, तिखट आहे.

एक विचारू? खूळच होतं, तर डबा दोनदा का उपसलात?

संध्याकाळी तुमच्यासमोर हसून दाखवते, तोंडावर हात न धरता. लग्नाच्या फोटोतही जमलं नव्हतं.

जलीला