ओतलेलं पाणी

प्रिय बोहोरदादा,

आई दारात घागर उपडी करत होती आणि समोर शेजारची फोतिनी उभी होती. बाबा नुकतेच तापाने गेले होते. घरात कुणी गेलं की साठवणीचं पाणी आपण ज्यू ओतून टाकतो. या गावात आम्ही ख्रिस्ती म्हणून लपलोय, हे आईच्या हातांना आठवलं नाही.

"अगं बाई, विहीर आटलीय आणि तू पाणी सांडतेस?"

"उंदीर पडला होता, मावशी," मी म्हणाले.

"सालोनिका शहरात मी कामाला होते, त्या मालकिणीकडेही पडला होता वाटतं. तिचा नवरा गेला त्या दिवशी." ओल्या मातीकडे बघत ती निघून गेली.

आता ती जर्मनांना सांगेल का? बाबा दर शुक्रवारी संध्याकाळी माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचे. मग शेजारी, तुझ्या उंचीवर, रिकाम्या हवेत तसाच हात धरायचे. तू डोंगरात लढायला गेल्यापासून त्यांचा एकही शुक्रवार चुकला नाही. हे तुला कळायला हवं, पण पत्र पाठवणार कुणाबरोबर?

तुझी,
जोया

ता. क. सकाळी फोतिनी नवऱ्याला घेऊन आली. त्याच्या खांद्यावर कुदळ होती. त्यांनी बाबांना पुरलं. पाद्री बोलावला नाही, क्रूसही रोवला नाही.