थेंब कुणाच्या नावानं

दातिवरे, तालुका पालघर
१८ जानेवारी १९६७

चिरंजीव दामूस तुझ्या आयचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळी बरी आहेत. बोंबील वाळत घातलेत, कावळे हाकून हाकून दंड भरून येतात. तिकडे बर्फ पडतं म्हणे. बोटीवर लोकरीचं घालत जा, ऐट करू नकोस.

तू दिलेली बाटली उमरोळीच्या नरहरीने सुखरूप आणून पोचवली. इथे दारूबंदी, म्हणून पठ्ठ्याने पालघरच्या बाजारात सुकटीची पाटी विकत घेतली आणि बाटली तिच्यात पुरली. "मावशी, एसटीत हवालदार माझ्या बाजूलाच! पन वासानं बिचारा सगळी वाट खिडकीबाहेर तोंड काढून बसला," असं सांगत हसत होता. चांगला सोबती मिळालाय तुला. दोन बोटींवर दोघं एकत्र राहिलात, तसेच राहा.

तुझा निरोपही त्याने सांगितला. "बाबांनी स्टाउटची, म्हणजे या काळ्या बियरची, बाटली आवडीने संपवली तर मी समजेन, घशाचं दुखणं उतरलं, आणि पुढचा दोन वर्षांचा करार करीन. नाहीतर बोट सोडून घरी येईन." तर दामू, तुझ्या बापसाने बाटली संपवली. चवीने संपवली. झालं, तुला हवं ते लिहिलं.

चव कशी ते मात्र नीट सांगते, कारण तू एवढ्या लांबून पाठवलीस. कोयत्याने बूच उडवलं तर फेस भसकन मनगटापर्यंत आला. फेसाचा रंग दुधाच्या चहासारखा, आणि खाली दारू काळी कुळकुळीत. पेला दारातल्या उन्हात धरला तेव्हा कडेला तांबूस दिसली. पहिला घोट मला बिलकुल आवडला नाही. नाचणीची भाकरी तव्यावर करपते ना, तिच्या पापुद्र्यासारखा कडू. पण जरा थांबलं की मागून जुना काळा गूळ येतो, आणि गिळल्यावर भाजल्या दाण्यांचा वास नाकात बसून राहतो.

आता वाचता वाचता तू थांबला असशील. आयच्या जिभेची चव आय का सांगतेय? मासळी बांधायच्या वर्तमानपत्रांवरून अक्षरं जुळवत शिकलेली बाई मी, खोटं लिहायला घेतलं तरी ते चार ओळी टिकत नाही.

प्याले मी, दामू.

तुझा बापूस पीत होता ते नुसतं कानांनी. दिवाळीपासून त्याच्या घशाखाली पेज उतरत नाही. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेला होता, त्यांनी गाठ बघितली आणि घरी घेऊन जा म्हणाले. आता कापसाच्या बोळ्याने पाणी देते. तुला कळवायचं नाही अशी त्याची शपथ होती.

ताडी जिभेला लावून ती सकाळची की उतरत्या उन्हाची ते सांगणारा माणूस तो. बाटली बघून उठून बसला. म्हणाला, "जमने, तू पी. मना सांग."

मी आपली औषधासारखी घटकन गिळली, तर रागावला. "गिलतेस काय? तोंडात घोलव. कडू हाय?"

"हाय. करपल्यावानी."

"मंग?"

"मंग गूळ."

"आंबट?"

"नाय. शेवटाला वाईच."

डोळे मिटून ऐकत होता. मी गिळलं की त्याच्याही गळ्याची घाटी खालीवर व्हायची. नरहरीने सांगितलं होतं, ज्या शेतकऱ्याच्या घरची ही दारू, तो जवाला शेणखत सोडून काही घालत नाही, कारखान्याची पावडर शेतात येऊ देत नाही, आणि त्याचे शेजारी त्याला वेडा म्हणतात. ते सांगितलं तर तुझा बापूस म्हणाला, "येडा नाय तो. जिभेचा मानूस हाय. मासलीचं खत घाल म्हनावं, आजून गोड व्हईल." हसायला गेला आणि ठसका लागला. बराच वेळ पाठ चोळत बसले.

पण हे सगळं ज्यासाठी लिहितेय ते अजून मागेच ठेवलंय.

पेला ओतल्यावर पहिले थेंब गेलेल्यांचे, हे तुला ठाऊक आहे. बोट त्यानेच बुडवलं. एक थेंब जमिनीवर, "पोश्या आजा." दुसरा, "रामू," वादळात गेलेला तुझा काका. मी म्हटलं झालं, पेला उचलला. तर त्याने मनगट धरलं. पुन्हा बोट बुडवलं, थेंब टाकला आणि म्हणाला, "इश्राम."

स्वतःचं नाव, दामू.

मी ओरडलेच. "अवो, जित्या मानसाचं नाव घेतात काय? तोंडाला काय हाय का नाय?"

तर शांतपणे म्हणतो, "गेलेल्याचं नाव पैल्यांदा लेकानं घ्यायचं. लेक तिकडं पान्यावर. मंग मना कोन बोलवंल? म्हनून मीच घेतला." आणि वर मला बजावलं, "दामूला लिव, बाटली रिकामी झाली. त्याला मागं वडू नको. इथं कोन जाली टाकतंय आता? सगली पोरं तारापूरच्या बांधकामावर. त्याला दर्या तरी गावतोय."

त्याच्या सांगण्याप्रमाणे मी वर लिहिलं. ते खोडत नाही, राहू दे. बापसाचा शब्द तो, आणि हा आयचा.

त्या दिवसापासून बोलणं बंदच झालंय. कुशीवर पडून दाराकडे बघतो. कुणी अंगणात आलं की भुवई हलते, मग तशीच खाली बसते. तू आज निघालास तरी तुझी बोट केव्हा लागेल, हा कागद तुला कुठल्या बंदरात सापडेल, मला काही उमगत नाही. तू येशील आणि तो असेल, असं मी आता देवाकडे मागतही नाही. उगाच देवाला लाजवायचं कशाला?

बाटलीत घोटभर उरलीय. फेस मेलाय, बूच धड बसत नाही, ती आंबणार. आंबू दे. मी ती पिणार नाही आणि ओतणारही नाही. त्याने टाकलेला थेंब मी पदराने पुसून घेतलाय. तो हिशेबात धरायचा नाही. ते नाव तू येऊन घ्यायचं आहेस.

करार कर नाहीतर मोडून ये, पण तोवर या घरात कुणी थेंब टाकणार नाही.

दाराशी बसलेली,
तुझी आय
जमुना