प्लेगच्या बखरीतलं एक वाक्य

कार्डिफ

प्रिय प्रणव,

आज शाळेत बारावीच्या मुलांना प्लेगच्या काळातली एक जुनी बखर वाचून दाखवत होते. मठातल्या साधूनं नुसतंच लिहिलंय, अमक्या गावात शेकडो मेले, तमकं ओस पडलं. मधेच एक वाक्य येतं, 'आज भाऊ थॉमस गेला. तो भला होता.'

"एवढंच, मिस?" मेगननं विचारलं.

"पुढे लिहवलं नसेल," म्हणताना मला रडू फुटलं. मग पहिल्यांदाच वर्गाला सांगितलं, माझा नवरा कोविडमध्ये गेला, शेवटचं भेटताही आलं नाही.

मेगन हळूच म्हणाली, "कसे होते ते?"

तास संपेपर्यंत मी तुझ्याबद्दलच बोलले. तू बेसूर गायचास म्हटल्यावर मुलं हसली. तो बेसूर आवाज मला घरात हवाय रे.

तुझीच,
वीणा