कमांडरनं दार उघडलं

१२ फेब्रुवारी १९७४
आज ओक्तावनं लेकीला मारलं. पुस्तकातल्या — पण नाक आमच्या एदविजचं, डावखुरीही तशीच! अवकाशयानाच्या बाहेर, गोठवणाऱ्या अंधारात उभी. "बाबा, उघडा ना!" आणि कमांडर आतून नुसता बघतो. नवरा येरझाऱ्या घालत सांगत होता, मी टाइप करत होते. थांबले.
"काय झालं? बोटं गळाली?"
"तिला आत घ्या की."
"कमांडर गद्दारांना आत घेत नाही. पूर्णविराम. नवा परिच्छेद."

१३ फेब्रुवारी
गद्दारी कसली? मागच्या ईस्टरला जेवताना पोरगी हसत म्हणाली, "बाबा, तुमच्या सगळ्या ग्रहांवर बायका फक्त कॉफीच करतात का हो?" झालं! "चालती हो." तेव्हापासून ती तिकडे लियॉंला. तिचा फोन आला की हाच उचलतो, हाच आपटतो.
लहानपणी ह्याच्याच मांडीवर बसून ग्रहांना नावं द्यायची. किती गोड संध्याकाळी होत्या त्या! कुठं गेला तो माणूस?

१५ फेब्रुवारी
शाळेत सिस्टर युफ्राझी शुद्धलेखन घालायच्या — "ऐकाल तेवढंच लिहा, पोरींनो. पदरचं घालू नका." ह्याची सगळी पुस्तकं मी तशीच उतरवली. एक शब्द माझा नाही.
आज शेवटचं पान फाडलं. नवं टाइप केलं. कमांडरनं दार उघडलं, अंगातला कोट काढून पोरीच्या खांद्यावर टाकला. "ये बाळ, गारठलीस."
सिस्टर, माफ करा.
ओक्ताव वाचणार नाही. "लिहिलेलं मी पुन्हा बघत नाही!" — चारचौघांत मिरवतो. प्रकाशक पानं मोजतो नि छापतो. पाकीट पोस्टात टाकून आले.

१६ फेब्रुवारी
"सूप बेचव." दिवसभरात एवढंच बोलला.

५ सप्टेंबर
स्टेशनवरच्या दुकानात आलं पुस्तक! मुखपृष्ठावर हिरवी अर्धनागडी बाई आणि ह्याचं ते अमेरिकी टोपणनाव. शेवटचं पान माझं, जसंच्या तसं. घरच्या प्रती न उघडता फडताळात गेल्या.

२१ सप्टेंबर
एदविज दारात! हातात पुस्तक. हा चौकट अडवून उभा.
"तू इथं कशाला?"
"शेवटचं पान वाचून आले."
त्यानं हिसकावलं, उभ्यानंच वाचलं. माझ्याकडे वळला. "माझ्या पुस्तकात हात घातलास? चोर!"
मला वाटलं, पोरीची आशा मोडली. ती हसली.
"ठाऊक होतं, बाबा. तुमच्या कमांडरनं आजवर कुणाला कोट दिलाय? आईचंच पान ते. मी तिला न्यायला आलेय."

२२ सप्टेंबर
सकाळी निघताना आतून हाक — "ए, बस. नवं पुस्तक. पहिला परिच्छेद."
टाइपरायटर माझा. माझ्या आईनं लग्नात दिलेला. एदविजनं तो आधीच तिच्या गाडीत ठेवला होता.