एक्क्याण्णव मूळ संख्या नाही

अण्णा,

तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली, पण तुमच्यावरचा माझा राग गेला नाही. तो जावा असंही मला वाटत नाही.

धारच्या शाळेत तुम्ही गणित शिकवायचात आणि सातवीत मी तुमच्याच वर्गात आले. घरी मराठीत 'मूळ संख्या', शाळेत हिंदीत 'अभाज्य'. तुम्ही फळ्यावर एक्क्याण्णव लिहिता आणि मला उभं करता. दोनने भाग जात नाही, तीनने नाही, पाचने नाही, मी घाईघाईत म्हणते, "अभाज्य, सर." तुम्ही खडू खाली ठेवता. "तेरह सत्ते कितने? दूसरों के बच्चे सीख गए, और मेरे घर में ये पैदा हुई है!" अख्खा वर्ग हसतो आणि तुम्ही हसू देता. तिथेच संपलं असतं तर मी कदाचित विसरलेही असते. पण त्या दिवसापासून तुम्ही मला घरात 'एक्क्याण्णव' म्हणायला लागलात. देवासची मंडळी मला बघायला आली तेव्हाही तुम्ही आत वळून हाक मारलीत, "एक्क्याण्णव, चहा आण," आणि ते नाव कसं पडलं ते त्यांना रंगवून सांगितलंत. लग्नानंतर दीर मला "एक्क्याण्णव भाभी" म्हणायचे. शेवटी एकदा जेवताना मी ताट बाजूला सारलं आणि सांगितलं, "मला नाव आहे." ते ओशाळले, पुन्हा म्हणाले नाहीत. तुम्हाला मात्र हे मी कधीच सांगू शकले नाही.

आई गेल्यावर तुम्ही देवासला आमच्याकडे राहायला आलात. माझी मुलगी तेव्हा पाचवीत होती. एका दुपारी मी स्वयंपाकघरात मटार सोलतेय आणि बाहेर तुम्ही तिला घेऊन सतरंजीवर बसला आहात, मधे चणे. बारा चणे तिने चार-चारच्या तीन ओळींत लावले. तेरा काही केल्या बसेनात. "आजोबा, ये तो एक ही लाइन में आते हैं!" "म्हणून ती मूळ संख्या," तुम्ही म्हणालात. मग तिने एक्कावन्नलाही मूळ म्हटलं. माझा हात थांबला. तुम्ही हसलात. "घाई नको, बाळा. तीन ओळी करून बघ." सतरा-सतरा बरोबर बसले, आणि तुम्ही तिची पाठ थोपटलीत. तुमचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

ती खेळायला गेल्यावर मी बाहेर आले. "अण्णा, मला असं का नाही शिकवलंत?"

तुम्ही चणे डब्यात भरत होतात. "तू मास्तरची मुलगी. तुझं चुकलं की लोक मला हसायचे." एवढंच. मग विचारलंत, चहा ठेवलास का? आणि मी जाऊन चहा ठेवला. त्याचा राग मला तुमच्याइतकाच माझाही येतो.

ती आता इंदूरला गणितात एम.एस्सी. करते. भेटेल त्याला सांगते, गणित मला आजोबांनी शिकवलं. ऐकताना सगळं माझ्या ओठांपर्यंत येतं. तुम्हाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण तिच्यापुढे तुमच्याविरुद्ध एक शब्द काढलेला नाही. हे पत्रसुद्धा मुद्दाम मराठीत लिहिलंय. ती मराठी बोलते, पण वाचायला घेतलं की दोन ओळींत कंटाळते.