टेप एक सांगते, सोनोग्राफी दुसरं

मॅडम, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गरोदर बाईच्या पोटावर टेप ठेवताना मी ती अजून उलटीच धरते. शिकत होते तेव्हा एकदा आकड्यांची बाजू वर ठेवून मोजलं आणि सगळ्या वॉर्डासमोर तुम्ही ओरडलात, "आधी आठवडे वाचलेस ना? मग डोळा तेवढेच सेंटिमीटर शोधणार. उलटी धर!" दुपारी मात्र तुमच्या डब्यातली मेथीची भाजी मला वाढत म्हणालात, "आणि लहान बाळ म्हणजे आजारी बाळ नव्हे, हेही लक्षात ठेव." दोन्ही वाक्यं मी जपली. ती कधी एकमेकांशी भांडतील असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आता मी सौदीत अल खर्जला ओपीडी बघते. मध्यंतरी रत्नागिरीकडची एक मुलगी येऊ लागली, पहिलीच खेप, नवरा इथल्या डेअरीत कामाला. लागोपाठच्या दोन तपासण्यांत टेपवरचा आकडा हललाच नाही. सोनोग्राफीत बाळाचं वजन कमी, पण मर्यादेच्या आत. नाळेतला रक्तप्रवाहही ठीक. ती हसून म्हणते, "डॉक्टर, आमच्याकडे सगळीच लहानखुरी. माझी आई तर तुमच्या खांद्यालापण लागणार नाही." मी पुन्हा पोट चाचपते आणि हाताला काहीच उमगत नाही. बाळ लहानखुरं आहे की उपाशी? काही दिवस थांबून परत सोनोग्राफी केली. वाढ अगदी नावाला, रक्तप्रवाह मात्र तसाच ठीक. नवरा म्हणाला, "एकच सांगा, थांबायचं का नाही?" दिवस भरत आलेच होते. सीनियरांशी बोलले आणि कळा सुरू करायचं ठरवलं.

मुलगी झाली. एवढीशी, पण अशी खणखणीत रडली की सिस्टरला हसू आलं. बाळामागून पडलेली वार मी उलटसुलट करून पाहिली, तिच्यातही काही सापडलं नाही. मग आम्ही तिला वेळेवर बाहेर काढलं, की ती आजीवर गेली होती आणि आम्हीच उगाच घाई केली?

घरी जाताना बाळाच्या आईने विचारलं, "म्हणजे ही आजारी होती, का नुसतीच बारीक?" मी म्हणाले, "आता एकदम छान आहे." तिने हे विचारलं नव्हतं, आणि तिलाही ते कळलं. ती दुपटं नीट करत राहिली. हे पत्र मी कुठे पाठवणार, मॅडम? पण वॉर्डात तुमच्यासमोर जे म्हणायची कधी हिंमत झाली नाही, ते निदान इथे लिहिते: मला कळलं नाही.