एक तास मागचं घड्याळ

आई,

तुला उठवलं नाही. एरोदादाचं सामान आणायला स्टॉकहोमला चाललेय, त्याची खोली आज रिकामी करून द्यायची आहे. माशाचं सूप फ्रीजमध्ये आहे, गरम करूनच खा. गोळी चुकवू नकोस.

अंतर जेमतेम चारशे किलोमीटर. हेलसिंकीहून पावणेआठला निघालेलं विमान तासाभरात उतरतं, आणि तिथे तेव्हाही पावणेआठच वाजलेले असतात. इतक्या जवळ तो नऊ वर्षं राहिला आणि मी दर फोनला म्हणायचे, "उन्हाळ्यात नक्की येते रे."

त्याच्यासाठी तू स्वयंपाकघरातलं घड्याळ तिथल्या वेळेवर, एक तास मागे लावून ठेवलंस. परवा त्याला पुरून आल्यावर मी स्टुलावर चढून ते पुढे केलं. आज सकाळी पाहते तर पुन्हा एक तास मागे! स्टूल माझ्याच खोलीत होतं, आणि तुझा हात तिथवर पोचत नाही.

मी आता त्याला हात लावलेला नाही. तुझ्या काठीने तू ते केलं असशील, तर संध्याकाळी सांग, दोघी हसू. केलं नसशील, तर सांगू नकोस.

सिर्क्का